पॉवर फॉरवर्ड तिशी आली की का घसरतात?

निळीरेषा
उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या, म्हणजे एनएचएलमधल्या, पॉवर फॉरवर्डांचे (अंगावर घेत गोल करणाऱ्या रांगड्या आघाडीवीरांचे) आकडे हंगामवार मांडले की बऱ्याच जणांची गत सारखीच दिसते. विशीत धडाका, सत्तावीस-अठ्ठावीसला गलेलठ्ठ करार, आणि मग दोन हंगामांत गोल निम्म्याच्याही खाली. मिलान लुचिचचं नाव हमखास निघतं. २०१६ मध्ये एडमंटनने त्याला सात वर्षांसाठी ४ कोटी २० लाख डॉलर कबूल केले. गोल झाले २३, मग १०, मग ६.

उलट ब्रेंडन शॅनहान बघा. २००५-०६ मध्ये डेट्रॉइटकडून ४० गोल, तेही हंगामाच्या मध्यात सदतीस पूर्ण होत असताना. कारकिर्दीत ६५६ गोल आणि २,४८९ पेनल्टी मिनिटं (शिक्षा म्हणून मैदानाबाहेर बसण्याची), म्हणजे अंगावर घेण्यात तोही मागे नव्हता. 'मार खाऊन शरीर झिजतं' एवढ्यावर भागत नाही, कारण मार दोघांनीही खाल्ला. मग आधी नेमकं काय जातं? आणि या वळणाच्या वीस वर्षांच्या पोराने आज कशावर घाम गाळावा?

धडकनाथ
आधी दोन धंदे वेगळे करा. एन्फोर्सर म्हणजे मारामारीसाठी ठेवलेला गडी. डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ मध्ये फिलाडेल्फियासाठी ४७२ पेनल्टी मिनिटं जमवली. तो विक्रम अजून उभा आहे आणि आता कोणी त्याच्या वाटेला जाणार नाही. तो धंदा नियमांनीच बसवला. १९९२-९३ मध्ये भांडण उकरून काढणाऱ्यावरचा नियम कडक झाला; आता त्याला २ मिनिटं, मारामारीची ५ आणि वर १० मिनिटांची मिसकंडक्ट (गैरवर्तनाची शिक्षा), असा १७ मिनिटांचा वनवास. शेवटच्या पाच मिनिटांत हेच केलं तर एका सामन्याची बंदीही. बॉब प्रोबर्टने १९८७-८८ मध्ये २९ गोल आणि ३९८ मिनिटं असं दोन्ही जमवलं, पण तो अपवाद. त्याच्यावरून धोरण आखू नये.

पॉवर फॉरवर्डचं आधी जातं ते पाऊल. उभ्या जागेवरून सुटतानाची पहिली तीन पावलं. सरळ रेषेतला वेग बरीच वर्षं टिकतो, म्हणून सरावात काही बिघडलंय असं वाटतही नाही.

फोरचेकमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या भागात जाऊन दबाव टाकताना, पहिला धावणारा तो एफ-वन. त्याचं काम पक (खेळाची रबरी चकती) हिसकावणं नाही. मागे वळून पक उचलणाऱ्या डिफेन्समनची एक बाजू बंद करायची आणि त्याला उरलेल्या बाजूला ढकलायचं. तिथे एफ-टू टपलेला असतो. त्यासाठी सरळ त्याच्या अंगावर जायचं नसतं. मैदानाच्या आतल्या बाजूने कमान काढत यायचं, आधी स्टिकने पासची वाट अडवायची, मग खांदा. हे जमण्यासाठी पक त्याच्या स्टिकच्या ब्लेडला लागताना तुम्ही हाताच्या अंतरावर हवे.

अर्धं पाऊल उशीर झाला की तीनच गोष्टी होतात. एक, तो पास देऊन मोकळा होतो आणि तुमची धाव वाया. दोन, पक सुटल्यावर तुम्ही आदळता: इंटरफिअरन्स. तीन, तो बोर्डाकडे (मैदानाच्या कठड्याकडे) तोंड करून वळलेला असतो आणि तुम्हाला पाठीवरचा नंबर दिसत असतानाही हात आवरत नाहीत: बोर्डिंग. वर्तमानपत्रं 'शिस्त ढासळली' म्हणून ओरडतात. शिस्त तिथेच असते, पाऊल उशिरा पडत असतं. मग कोच मिनिटं कापतो, पॉवर प्लेवरून (प्रतिस्पर्ध्याचा गडी शिक्षेवर असतानाच्या खेळातून) काढतो, चौथ्या फळीत टाकतो. गोल निम्म्यावर येतात ते इथे. हाताने नेम धरायचं विसरलेलं नसतं.

२००५-०६ पासून तर हे उघडंच पडलं. आधी स्टिकचं वाकडं टोक प्रतिस्पर्ध्याच्या कमरेत अडकवून जड माणसाला वेळ काढता यायचा. ती हुकिंगची सवलत गेली, आणि त्याच वर्षी मधल्या लाल रेषेपलीकडच्या लांब पासवरची बंदीही उठली. खेळ एकदम लांब आणि उघडा झाला.

टिपणीस
धडकनाथांशी सहमत, पण शॅनहान टिकला तो पावलांवर नव्हे. पॉवर प्लेवर पहिल्याच स्पर्शात फटका मारण्याची त्याची हातोटी शेवटपर्यंत राहिली. त्यासाठी धावावं लागत नाही, पास येण्याआधी तयार उभं राहावं लागतं. (गंमत म्हणजे २०११ मध्ये त्यालाच लीगने धडकांच्या शिक्षा ठरवायला बसवलं.)

पाऊल गेल्यावर पोट भरणारी जागा म्हणजे गोलीसमोरचा (गोलरक्षकासमोरचा) तुकडा. तिथेही कसब लागतं, नुसतं धूड उभं करून चालत नाही.

क्रीज, म्हणजे गोलीपुढचा निळा रंगवलेला भाग, ८ फूट रुंद असते. निळ्या रंगाला टाच लागणार नाही अशा बेताने बाहेर उभं राहायचं, गुडघे वाकवून, वजन स्केटच्या ब्लेडच्या आतल्या कडांवर. मागून डिफेन्समन स्टिकच्या दांड्याने पाठीत रेटत असतो. २०२१-२२ पासून पंच या क्रॉसचेकिंगवर जास्त कडक झालेत, तरी रेटारेटी आहेच. नवखा खेळाडू इथे चूक करतो ती अशी: तोही मागे रेलून जोर लावतो. डिफेन्समन चलाख असला तर ऐन वेळी एकदम सोडतो, आणि हा जातो उताणा गोलीच्या मांडीवर. पक आत गेला तरी गोल पुसला जातो. म्हणून भार आपल्या पायांवरच ठेवायचा, त्याच्या छातीवर नाही.

टिप करताना, म्हणजे येणाऱ्या फटक्याची दिशा ब्लेडने बदलताना, स्टिक फिरवू नका. ब्लेड बर्फावर, वरचा हात अंगापासून दूर, खालच्या हाताची पकड सैल. दूरच्या निळ्या रेषेवरून आलेला फटका ब्लेडला फक्त लागू द्यायचा. ब्लेडचं तोंड उघडलं तर पक वर उठतो, झाकलं तर बर्फालगत राहतो. उंचीचा हिशेब डोक्यात हवा: गोलसाठी स्टिकचा स्पर्श आडव्या दांड्याच्या, म्हणजे ४ फुटांच्या, वर चालत नाही. एरवी उंच स्टिकची मर्यादा खांद्याची असते आणि इथेच बरेच जण फसतात. स्केटला लागून आत गेला तर चालतो, लाथ मारल्यासारखी हालचाल दिसली तर नाही.

मागून फटका मारणाऱ्यालाही सांगून ठेवायचं की बर्फापासून फूटभर उंचीचा मार. छातीच्या उंचीचा जोरदार फटका दिसायला झकास, पण त्यावर टिप होत नाही आणि बरगडी मात्र जाते.

बर्फाचाशेक
दुखापतींबद्दल 'झिजतं' हा शब्दच चुकीचा आहे. बहुतेकदा एखादी जागा नीट भरून न येता पुन्हा मार खाते.

बॉस्टनचा पॉवर फॉरवर्ड कॅम नीली हे याचं धडधडीत उदाहरण. मे १९९१ मध्ये पिट्सबर्गविरुद्धच्या प्लेऑफमध्ये मांडीला जबर मार बसला आणि पुढे स्नायूतच हाड धरायला लागलं. नंतरच्या दोन हंगामांत मिळून जेमतेम २२ सामने. १९९३-९४ मध्ये परतला आणि ४९ सामन्यांत ५० गोल ठोकले, पन्नासावा तर चव्वेचाळिसाव्या सामन्यात. तरी खुब्याच्या सांध्याने १९९६ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, घरी बसवलं. ७२६ सामने, ३९५ गोल.

मांडीला गुडघा लागून रक्त साकळलं तर पहिल्या दिवशी करायचं ते एवढंच: बर्फ, घट्ट पट्टी, आणि गुडघा शक्य तितका वाकवून ठेवणं, म्हणजे स्नायू आखडत नाही. मालिश आणि गरम शेक अजिबात नको. आतला रक्तस्राव वाढतो, आणि हाड धरण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. गुडघा दुसऱ्या पायाइतका वाकत नाही तोवर सामना नाही.

दुसरं, मूठ. हेल्मेटवर किंवा व्हायझरवर (डोळ्यांपुढच्या काचेवर) बसलेला ठोसा करंगळीच्या बाजूचं तळहाताचं हाड मोडतो. २०१३-१४ पासून लीगमध्ये नव्याने येणाऱ्यांना व्हायझर सक्तीचा आहे आणि भांडणाआधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर २ मिनिटं पेनल्टी. म्हणजे मारायला मऊ जागा उरलीच नाही. ज्या हातावर मनगटी फटका अवलंबून आहे तोच हात फोडून घेण्यात काय शहाणपण?

डोक्याबद्दल थोडक्यात. प्रोबर्ट २०१० मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, एन्फोर्सर डेरेक बुगार्ड २०११ मध्ये अठ्ठाविसाव्या. दोघांच्याही मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला. डोक्यावरच्या धडकेचा ४८ क्रमांकाचा नियम २०१० चा आहे.

कॅपवालेकाका
कराराचा मुद्दा कोणी घेतला नाही. पूर्ण मोकळा खेळाडू (हव्या त्या संघाशी करार करू शकणारा) होण्याचं वय २७, किंवा लीगमध्ये सात हंगाम. म्हणजे पॉवर फॉरवर्डला बाजारभाव मिळतो तो बरोबर त्याचं पाऊल जड व्हायला लागतं तेव्हा. संघ मागच्या पाच वर्षांचे पैसे पुढच्या सात वर्षांत देतो.

सव्विशीनंतरच्या खेळाडूचा करार विकत घेऊन मोडायचा तर उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात वाटून. पण सायनिंग बोनसला (पगाराव्यतिरिक्त करारात ठरलेल्या रकमेला) कात्री लागत नाही. म्हणून एजंट पगार कमी आणि बोनस जास्त लिहून घेतात, की करार मोडणं संघाला परवडूच नये. २०१९ मध्ये लुचिच कॅल्गरीला गेला तो जेम्स नीलच्या बदल्यात. ज्याचं त्याचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर, एवढाच तो सौदा.

निळीरेषा
सगळ्यांचे आभार. एकच राहिलं: पाऊल हलकं ठेवायला वजन उतरवायचं का? मग गोलीसमोर टिकायचं कसं?

धडकनाथ
उतरवायचं, पण छाती-दंडांवरचं. मांड्या आणि नितंब आहेत तसे ठेवा, रेटारेटी तिथूनच होते. उन्हाळ्यातच उतरवा. हंगामात सामन्यांमागून सामने खेळताना उतरलेलं वजन बहुतेक स्नायूंचंच असतं.

त्याआधी स्केटची धार तपासा, ते फुकटात होतं. जड माणसाला ब्लेडच्या तळाशी खोल खोबण लागत नाही, वजनानेच ब्लेड रुततं. खोबणीच्या अर्ध्या इंच त्रिज्येवर असाल तर पाच अष्टमांशवर या. त्रिज्या मोठी म्हणजे खोबण उथळ, घसरण जास्त, पायांना दम कमी. सुरुवातीला वळताना टाच सुटल्यासारखी वाटेल. चार-पाच सराव जाऊ द्या, तरी सुटत असेल तर नऊ षोडशांश. आणि दोन्ही कडा समान उंचीच्या आहेत का ते प्रत्येक धारेनंतर ब्लेडवर नाणं आडवं ठेवून बघा. नाणं कलतं दिसलं तर एक कड उंच राहिली आहे, आणि एका बाजूला वळताना पाय घसरतो त्याचं कारण तेच.