पाचवीचा वर्ग, पट ६२, समुपदेशक नाही: पहिल्या तीन आठवड्यांत काय जमेल?

पाचवी_ब:
नाशिकच्या सिडकोतली अनुदानित शाळा. निम्मी मुलं आमच्याच प्राथमिकमधून वर आलेली, बाकीची महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतली. काही पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून नातेवाइकांकडे शिकायला आलेली. १५ जूनला फुगे, गुलाबाचं फूल, गोड खाऊ हे सगळं होतंच. खरी कुरबुर सुरू होते ती दहा-बारा दिवसांनी: कोणाचं पोट दुखतं, कोणी बोलेनासं होतं. एकट्या वर्गशिक्षकाला तास न बुडवता काय करता येईल? व्याख्यान नको, रोजचं काम सांगा.

खडूफळा:
भावनांचे तक्ते नंतर लावा, आधी स्वच्छतागृह बघा. पाचवीच्या मुली मधल्या सुट्टीत दहावीच्या मुलींच्या रांगेत उभ्याच राहत नाहीत. त्यापेक्षा पाणी न पिणं सोपं वाटतं. मग दुपारी डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते आणि आपण म्हणतो नाटक करतेय. पाचवीला मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं सोडायची परवानगी मुख्याध्यापकांकडून घ्या. आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का, हे बाईंनी किंवा मावशींनी आत जाऊन बघावं. तासाला कोणी 'जाऊ का' विचारलं तर उत्तर हो. पाण्याची बाटली दप्तरात नको, बाकावर.

दुसरं वेळापत्रक. तासाला शिक्षक बदलतात हे बहुतेकांना पाचवीत पहिल्यांदाच कळतं. धास्ती गणिताची कमी आणि 'उद्या कुठली वही आणायची' याची जास्त. म्हणून मुलं सगळ्याच वह्या कोंबून आणतात. २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. कायम वेळापत्रक लागेपर्यंत दुसऱ्या दिवशीचे तास शाळा सुटायच्या आधी फळ्यावर लिहा आणि उतरवून घेतले का ते बघा.

गणवेश शिवून आला नाही म्हणून परिपाठाला वेगळं उभं करणं जुलैअखेरपर्यंत पूर्ण बंद. हे इतर शिक्षकांनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर पी.टी.च्या तासाला तेच होतं.

गोदाकाठ:
वरच्यात भर. रोज चार मुलं धरली तर १६ शालेय दिवसांत ६२ होतात. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, मधल्या सुट्टीच्या शेवटी व्हरांड्यात. 'कसं वाटतंय' विचारू नका, 'छान' एवढंच उत्तर येतं. हे विचारा: डबा कोणासोबत खातोस? शाळेतली कुठली जागा नको वाटते? काही अडलं तर कोणाला विचारशील? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं शाळेच्या कच्च्या नकाशावर फुल्या मारून टिपा. जिना, सायकल स्टँड, नळाचा कोपरा अशा एकाच ठिकाणी चार-पाच फुल्या पडल्या की तिथे सुट्टीत एक शिक्षक उभा करायचा. ज्या मुलाला पहिल्या प्रश्नाला नाव सांगता आलं नाही, त्याची जागा त्याच आठवड्यात बदला.

कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यातल्या मुलाच्या तोंडून अहिराणी शब्द आला किंवा सुरगाण्याच्या मुलाने कोकणा या आदिवासी बोलीचा हेल काढला की वर्ग हसतो. ते मूल त्यानंतर उत्तरासाठी हात वर करत नाही. हसणाऱ्यांना रागावण्यापेक्षा तो शब्द फळ्यावर घ्या आणि पाठातला शब्द शेजारी लिहा.

मन_मोकळं:
समुपदेशनाच्या बाजूने. तक्रारपेटी भिंतीला लावली की कोणी चिठ्ठी टाकत नाही, कारण टाकताना सगळे बघतात. शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येकाने एक चिठ्ठी टाकायची. सांगायचं नसेल तर 'काही नाही' लिहायचं. त्याच दिवशी वाचा. सोमवारपर्यंत ठेवाल तर पेटीवरचा विश्वास जातो.

पोटदुखी शाळेच्या सकाळीच आणि रविवारी गायब, तर ती बहुधा ताणाची. तरी ती खरीच दुखते, हे मुलाला सांगा. ताप, वजन घटणं, रात्री दुखून जाग येणं, लघवीला जळजळ यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. ताणामुळे घरी ठेवलेलं मूल रोज थोडं जास्त घट्ट बसतं, म्हणून पूर्ण सुट्टीपेक्षा दोन तास शाळा बरी. फाटकावर निरोप अर्ध्या मिनिटात उरकायचा. आई खिडकीशी थांबली की रडणं लांबतं.

एखादं मूल नको तो स्पर्श किंवा मारहाण सांगायला लागलं, तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. खोदून विचारू नका, त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहा. लैंगिक छळाची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी शाळेत चौकशी करू' हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. बालकांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

पाचवी_ब:
नोंद घेतली. पालकांचं काय? सभेला दहाजण येतात.

खडूफळा:
सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या माणसाला सकाळी अकराची सभा म्हणजे खाडा. प्रवेश अर्जावर पेन्सिलीने पालकाची शिफ्ट लिहून ठेवा, फोन त्यानुसार. पहिला फोन तक्रारीचा नको: 'तुमची मुलगी आज कविता म्हणाली, डबा अर्धा आला परत, घरी जेवते ना?' इतकंच. सभा रविवारी सकाळी, तुकडीचे दोन गट करून, पाऊण तासात संपवा. रिक्षा-व्हॅनवाल्या काकांनाही बोलवा. रस्त्यात कोण कोणाला चिडवतं, हे वर्गशिक्षकाच्या आधी त्यांना माहीत असतं.