मदत हवी आहे: उजव्या पापणीचं ऑपरेशन, पण डावीचं काय?

नमस्कार मंडळी,

आईची (वय ६८, आम्ही पाचपाखाडीत राहतो) उजवी पापणी हळूहळू बरीच उतरली आहे. फोटोत मात्र सगळ्यांना डावा डोळाच वटारलेला दिसतो. शेजारच्या काकूंनी थायरॉइड तपासायला लावलं, ते नॉर्मल आलं. मायस्थेनियाच्या (स्नायू लवकर थकतात तो आजार) तपासण्याही झाल्या, त्यातही काही नाही.

डॉक्टरांनी बोटाने उजवी पापणी उचलून धरली आणि डावी आपोआप खाली आली! उजव्या डोळ्यात फिनाइलेफ्रिनचे (पापणी थोडा वेळ वर उचलणारे) थेंब घातल्यावरही तेच. म्हणे, हा हेरिंगचा नियम. दोन्ही वरच्या पापण्या उचलणाऱ्या लिव्हेटर स्नायूंना मेंदूतल्या एकाच सामाईक केंद्राकडून सारखाच हुकूम जातो. उजवी ढिली, म्हणून मेंदू जोर वाढवतो. तो डावीलाही मिळतो आणि ती गरजेपेक्षा वर राहते. उजवी दुरुस्त झाली की हा जादा जोर थांबतो, मग डावीची लपलेली ढिलाई उघडी पडू शकते.

म्हणून डॉक्टर दोन्हींचं एकदम करू या म्हणतात. आईचं म्हणणं, चांगल्या डोळ्याला हात कशाला? मलाही ते अगदीच चूक वाटत नाही.

कोणाच्या घरी असं झालंय का? एकाच बाजूचं करून दुसरी उतरली का, आणि नंतर पुन्हा करावं लागलं का? दुसऱ्या मतासाठी ठाणे, वाशी किंवा नेरूळला फक्त पापण्यांचं काम करणारे ऑक्युलोप्लास्टीचे डॉक्टर माहीत असतील तर कृपया मेसेज करा. आईला लोकलची गर्दी झेपत नाही, त्यामुळे दादरच्या पलीकडचे नकोत.