घनरूप प्रावरणातून शिलारस येतो कुठून, आणि ज्वालामुखी फुटतो कशामुळे?

कुतूहल:

पृथ्वीच्या पोटात वितळलेला रस खदखदत आहे, त्यावर कवचाचा पातळ थर तरंगत आहे आणि कवचाला तडा गेला की तो रस उसळून वर येतो, असे चित्र शालेय पुस्तकांतून आपल्या मनावर ठसलेले असते. भूकंपलहरींविषयी वाचताना मात्र या चित्राशी मुळीच न जुळणारी एक गोष्ट समोर आली. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, तरीही प्रावरणातून, म्हणजे कवचाखाली सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेल्या खडकाच्या थरातून, त्या सुखेनैव प्रवास करतात आणि अडतात त्या थेट बाह्य गाभ्यापाशी. याचा अर्थ प्रावरण घन आहे. बाह्य गाभा द्रवरूप असला तरी तो प्रामुख्याने लोखंडाचा आहे, आणि ज्वालामुखीतून वितळलेले लोखंड काही बाहेर पडत नाही. मग हा शिलारस तयार होतो तरी कुठे?

याला जोडूनच आणखी दोन शंका आहेत. हवाई बेटांवर लोक सुरक्षित अंतरावर उभे राहून लाव्हा वाहताना पाहतात. उलट १९०२ मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावरील पेले ज्वालामुखीने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत बेचिराख केले आणि सुमारे २८,००० माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही ज्वालामुखीच, तर मग त्यांच्या स्वभावात इतके अंतर का असावे? आणि शेकडो वर्षे शांत असलेला पर्वत एखाद्या ठरावीक दिवशीच का फुटतो? समीकरणे नसली तरी चालेल, पण कारणमीमांसा सविस्तर हवी आहे.

अश्मरेषा:

आपला पहिला निष्कर्ष बरोबर आहे. प्रावरण घनच आहे. मात्र ते इतके तापलेले आहे की लाखो वर्षांच्या कालमापनावर ते अतिशय संथपणे वाहते. शिलारस काही मोजक्या ठिकाणीच, आणि तोही बहुधा वरच्या शे-दीडशे किलोमीटरांत तयार होतो. यामागचे कारण समजण्यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते: खडक वितळेल की नाही, हे केवळ तापमानावर ठरत नाही. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर तापमान १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि हाच खडक भूपृष्ठावर असता तर या तापमानाला तो वितळू लागला असता. परंतु डोक्यावरच्या खडकांचा प्रचंड दाब त्याच्या खनिजांची रचना घट्ट धरून ठेवतो आणि वितळणबिंदू वर ढकलतो. म्हणून अधिक उष्णता न देताही खडक वितळवण्याचे दोन मार्ग निसर्गाकडे आहेत. एक म्हणजे दाब कमी करणे, आणि दुसरा म्हणजे त्यात पाणी मिसळणे.

दाब कमी होण्याचा प्रकार मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली घडतो. तिथे दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे सरकते अवाढव्य तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात आणि ती जागा भरून काढण्यासाठी खालचे प्रावरण वर चढते. खडक उष्णतेचा फार मंद वाहक असल्यामुळे वर येताना त्याचे तापमान थोडेच उतरते, दाब मात्र झपाट्याने उतरतो. परिणामी एका विशिष्ट खोलीच्या वर आल्यावर त्याचा काही टक्के भाग वितळतो. संपूर्ण खडक कधीच वितळत नाही. कणाकणांच्या सांध्यांत रस पाझरू लागतो, तो भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने एकत्र येत वर सरकतो आणि त्याचेच बेसॉल्ट, म्हणजे गडद रंगाचा ज्वालामुखीय खडक, बनते. ही रांग सुमारे ६५,००० किलोमीटर लांब आहे आणि पृथ्वीवरचे बहुतांश ज्वालामुखीय कार्य समुद्राच्या तळाशी, कुणाच्या दृष्टीस न पडता, याच रांगेवर चालते. आइसलँडमध्ये हीच रांग पाण्यावर डोके काढते.

हवाईसारख्या ठिकाणी भूपट्टाची कड जवळपास कुठेच नाही. तिथे प्रावरणातून खोलवरून चढणारा, सभोवतालपेक्षा अधिक तापलेला खडकाचा स्तंभ आहे असे मानले जाते आणि त्याच्या माथ्यावरही दाब उतरल्यामुळेच वितळण घडते. भूशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये असे सुचवले की उष्णतेचा हा स्रोत जवळजवळ स्थिर असून त्यावरून पॅसिफिक भूपट्ट सरकत राहतो. याच कारणाने हवाईची बेटे वायव्येकडे जावे तशी जुनी होत जातात: काउआई बेटाचे वय सुमारे ५० लाख वर्षे, तर आग्नेय टोकाचे मोठे बेट १० लाख वर्षांहून तरुण.

पाण्याचा मार्ग मात्र मला सर्वांत विलक्षण वाटतो. महासागरी भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली बुडतो तेव्हा तो थंड असतो. तेव्हा त्याच्यामुळे काही वितळावे ही कल्पनाच आधी विसंगत वाटते. परंतु कोट्यवधी वर्षे समुद्राखाली राहिल्याने त्याच्या खनिजांच्या रचनेतच पाणी बांधले गेलेले असते. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर दाब आणि तापमान वाढल्याने ही खनिजे मोडतात व पाणी सुटून वरच्या तप्त प्रावरणात शिरते. पाणी शिरताच त्या खडकाचा वितळणबिंदू काही शे अंशांनी खाली येतो आणि जो खडक क्षणापूर्वीपर्यंत घन राहण्यास समर्थ होता, तो वितळू लागतो. जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, अँडीज, अलास्का या सर्व ठिकाणी ज्वालामुखींच्या माळा सागरी गर्तेला (भूपट्ट जिथे बुडू लागतो त्या समुद्रतळावरील खोल चराला) समांतर आणि तिच्यापासून बऱ्याच आतल्या बाजूस का दिसतात, याचे उत्तर यातच आहे: बुडणारा भूपट्ट त्या खोलीला जिथे पोहोचतो, त्याच्या बरोबर वर ती माळ उभी राहते.

तिसरा मार्ग थेट उष्णतेचा. खालून आलेला बेसॉल्टी रस खंडीय कवचाच्या तळाशी साचला की तो स्वतः थंड होता होता कवचाचे खडक वितळवतो आणि त्यातून सिलिकाने (सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाने) समृद्ध असा वेगळाच शिलारस जन्माला येतो. आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर येथूनच सुरू होते.

प्रस्तर:

वरील विवेचन पुढे नेतो. ज्वालामुखीचा स्वभाव दोन गोष्टींवरून ठरतो, शिलारसाचा चिकटपणा आणि त्यात विरघळलेले वायू. बेसॉल्टी रसात सिलिका साधारण ५० टक्के असते आणि त्याचे तापमान ११०० ते १२०० अंश. वर सांगितलेल्या सिलिकाबहुल, म्हणजे रायोलाइटी, रसात सिलिका ७० टक्क्यांच्या वर आणि तापमान ७०० ते ८५० अंश. सिलिकेचे रेणू एकमेकांत गुंतून साखळ्या करतात, त्यामुळे दुसरा रस पहिल्याच्या तुलनेत लाखो पटींनी चिकट असू शकतो. खोलवर असताना दोन्हींमध्ये बाष्प, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेलेच राहतात. रस वर येतो, दाब उतरतो आणि वायूंचे बुडबुडे धरू लागतात. पातळ रसातून ते बुडबुडे निसटून जातात. चिकट रसात ते अडकतात, फुगतात, एकमेकांना भिडतात आणि शेवटी बुडबुड्यांचे प्रमाण इतके वाढते की तो फेसच फाटतो. रसाच्या चिंधड्या होऊन राख तयार होते. म्हणजे ज्वालामुखीची राख काही जळून उरलेली नसते, ती क्षणार्धात गोठलेल्या काचेचे सूक्ष्म, टोकदार कपचे असतात.

प्युमिसचा, म्हणजे गोठलेल्या अशा फेसाचा, खडा हाती आला तर भिंगाखाली अवश्य पाहावा. तो सारा पोकळ्यांनीच बनलेला दिसतो. दोन पोकळ्यांमधली काचेची भिंत केसाहून बारीक असते, काही पोकळ्या एकाच दिशेने लांबट ओढलेल्या असतात, आणि खडा पाण्यात टाकला तर तरंगतो. रस नळीतून वर धावत असताना बुडबुडे कसे ताणले गेले याची ती जशीच्या तशी गोठलेली नोंद आहे. पेले का फुटला असेल हे मला पुस्तकापेक्षा अशा खड्याने अधिक पटवून दिले.

पर्वतांचे आकारही याच गुणधर्मांतून घडतात. पातळ लाव्हा दूरवर पसरतो, म्हणून ढाल-ज्वालामुखी मंद उताराचे आणि अवाढव्य असतात. हवाईतील माउना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे आणि सागरतळापासून मोजला तर ९ किलोमीटरहून अधिक भरतो. लाव्हा आणि राख यांचे थर आलटून पालटून साचले की जपानमधील फुजी किंवा फिलिपिन्समधील मायोनसारखे उभ्या उताराचे संमिश्र शंकू तयार होतात. राखकणांचे शंकू लहान आणि अल्पायुषी असतात. मेक्सिकोतील पारिकुतीन २० फेब्रुवारी १९४३ रोजी एका शेतात भेग पडून जन्मला, वर्षभरात ३०० मीटरहून उंच झाला आणि १९५२ मध्ये कायमचा थांबला. काही उद्रेकांना पर्वतच नसतो. १७८३ मध्ये आइसलँडमधील लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली, आठ महिने लाव्हा वाहत राहिला, आणि त्याहून घातक ठरले ते विषारी वायू: गुरे मेली, दुष्काळ पडला आणि देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या नाहीशी झाली. दख्खनचे बेसॉल्टी थरही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशाच भेगीय उद्रेकांतून, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर, साचलेले आहेत. शेवटी कॅल्डेरा. उद्रेकात शिलारसाचा कोठा वेगाने रिकामा झाला की त्याचे छत आत कोसळते. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा पर्वताची हजार मीटरहून अधिक उंची अशीच गेली आणि सुमारे ६ किलोमीटर रुंदीचे कुंड मागे राहिले.

कुतूहल:

दोघांचेही मनापासून आभार. सिलिका आणि वायू यांचा संबंध लक्षात आला. मात्र तिसरी शंका अजून उरली आहे. कोठ्यात शिलारस शतकानुशतके असतोच, तर तो त्या विशिष्ट दिवसापर्यंत थांबतो कशामुळे? आणि निद्रिस्त ज्वालामुखी म्हणजे कोठा रिकामा झालेला, असे मानावे का?

अश्मरेषा:

तसे मानू नये. कोठा म्हणजे रसाने काठोकाठ भरलेले भुयार, ही कल्पनाही सोडून द्यावी लागते. भूकंपलहरींच्या अभ्यासातून असे दिसते की बहुतेक वेळ तो स्फटिकांचा गच्च लगदा असतो आणि त्यांच्या फटींत थोडाच रस असतो. अशा अवस्थेत तो हलूच शकत नाही. त्याला जागे करणारे कारण बहुधा खालून येते: नवा, अधिक तप्त बेसॉल्टी रस तळाशी शिरतो, लगद्यातले स्फटिक पुन्हा वितळवतो, आपले वायू वरच्या रसाला देतो आणि दाब वाढवतो. २०१० मध्ये आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुल येथे खालून आलेल्या बेसॉल्टी रसाची गाठ जुन्या, सिलिकाबहुल रसाशी पडली. वर हिमनदी असल्याने स्फोट आणखी तीव्र झाले आणि अतिसूक्ष्म राखेमुळे युरोपची विमानसेवा जवळजवळ आठवडाभर कोलमडली. बाहेरून काही न येताही दाब वाढू शकतो. रस थंड होताना आधी निर्जल खनिजांचे स्फटिक बनतात, त्यामुळे उरलेल्या रसात पाण्याचे प्रमाण वाढत जाते आणि अखेर ते त्यात मावेनासे होऊन बुडबुडे धरतात. थंड होण्यानेच स्फोट जवळ यावा, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कधी वरचे ओझेच अचानक उतरते. अमेरिकेतील सेंट हेलेन्सच्या पोटात १९८० च्या मार्चपासून रस चढत होता आणि उत्तरेकडचा उतार दिवसाला सुमारे दोन मीटर या वेगाने बाहेर फुगत होता. १८ मे रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला आणि तो फुगलेला उतार संपूर्ण घसरून गेला. वायूंनी भरलेल्या रसावरचे झाकण क्षणात नाहीसे झाल्यामुळे स्फोट वर न जाता आडवा गेला, पर्वताची सुमारे ४०० मीटर उंची गेली आणि ५७ माणसे दगावली.

निद्रिस्त या शब्दावर विसंबू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. फिलिपिन्समधील पिनातुबो सुमारे ५०० वर्षे शांत होता, दाट जंगलाने झाकलेला होता. १९९१ च्या एप्रिलमध्ये तिथे वाफेचे स्फोट सुरू झाले. मे महिन्यात गंधक डायऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे दहा पटींनी वाढले आणि जूनच्या आरंभी ते एकाएकी घसरले. ही घसरण दिलासा देणारी नव्हती. वायूंचे निघण्याचे मार्ग बंद झाले असून आत दाब साचत आहे, असा तिचा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. हजारो लोकांना वेळेत हलवण्यात आले आणि १५ जूनला विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक घडला. त्यातील गंधकामुळे पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

किनारा:

एका मुद्द्याची भर घालतो, कारण वरच्या चर्चेवरून प्रत्येक उद्रेकाला वर चढणारा नवा रस लागतोच असा समज होऊ शकतो. केवळ तापलेले भूजल एकदम वाफेत बदलूनही खडक फोडते. जपानमधील ओन्ताके येथे २७ सप्टेंबर २०१४ रोजी असेच झाले. ठळक पूर्वसूचना मिळाली नाही आणि शिखरावर आलेल्या गिर्यारोहकांपैकी ६३ जण मृत किंवा बेपत्ता झाले.

त्याचप्रमाणे उद्रेकाचा आकार आणि त्याची घातकता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. कोलंबियातील नेवादो देल रुईस या हिमाच्छादित ज्वालामुखीचा १३ नोव्हेंबर १९८५ चा उद्रेक आकाराने लहानच होता. परंतु तप्त राखेने शिखरावरचा थोडा बर्फ वितळवला, ते पाणी दऱ्यांतून उतरताना माती-दगड ओढत ओले काँक्रीट असावे तसे दाट झाले आणि साधारण अडीच तासांनी आर्मेरो या गावावर येऊन आदळले. सुमारे २३,००० लोक गेले. धोक्याचा नकाशा काही आठवडे आधीच तयार झालेला होता आणि त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेले होते. म्हणून एखाद्या ज्वालामुखीचा अभ्यास करताना शिलारसाच्या बरोबरीने शिखरावर बर्फ किती आहे, कुंडात पाण्याचा साठा आहे का आणि दऱ्या कोणत्या वस्तीकडे उतरतात, हेही पाहावे लागते.