नर्सिंग डिग्री पहिलं वर्ष, वाचलेलं डोक्यात राहतच नाही

सकाळी क्लिनिकल (वॉर्डातली ड्युटी), दुपारी लेक्चर, आणि रात्री वही उघडली की डोळे मिटायला लागतात. अॅनाटॉमी घोकून घोकून पाठ करते आणि चार दिवसांत पाटी कोरी. त्यात डोसची गणितं आली की हातपाय गारच पडतात, माझ्या चुकीने पेशंटला काही झालं तर हेच डोक्यात फिरत राहतं. तुम्ही कसा अभ्यास केलात?

उत्तर १ (चौथं वर्ष)
अगं मी पण घोकायचेच. मग सवय लावून घेतली, ड्युटीतला एकच पेशंट धरायचा आणि रात्री फक्त त्याचंच वाचायचं (वहीत नाव लिहायचं नाही हं कधीच). एकदा हार्ट फेल्युअरच्या आजी होत्या, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) आणि डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) दोन्ही चालू. सिस्टर म्हणाल्या डिगॉक्सिनची गोळी द्यायच्या आधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोज, अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नकोस. मोजले, ५६च भरले, म्हणजे कमी. सिस्टरांनी गोळी थांबवली, डॉक्टरांना कळवलं आणि मला पोटॅशियमचा रिपोर्ट बघायला लावला, तो ३.१, नॉर्मल ३.५ ते ५. रात्री पुस्तक उघडलं तेव्हा उलगडलं, फ्युरोसेमाइडने लघवीवाटे पोटॅशियम जातं आणि ते कमी झालं की डिगॉक्सिन अंगावर उलटायचा धोका वाढतो. किडनी, हार्ट, फार्मॅक (औषधशास्त्र) सगळं त्या एका आजींमुळे झालं, अजून जसंच्या तसं आठवतं.

उत्तर २
गणिताचं सांगतो. आधी अंदाज बांध, मग सूत्र लाव. १००० मिली सलाईन ८ तासांत म्हणजे तासाला १२५ मिली. सलाईनचा सेट (नळी) मिलीला २० थेंबांचा असेल तर १२५ गुणिले २० भागिले ६०, मिनिटाला साधारण ४२ थेंब. आता शून्य चुकून ४२० आलं तर सेकंदाला ७ थेंब होतात, थेंब पडतात त्या नळीच्या चेंबरमध्ये डोळ्यासमोर आण, तिथेच खटकेल. मायक्रो सेट (बारीक थेंबांचा) मिलीला ६० थेंबांचा असतो, त्यामुळे सेटचं पाकीट वाचल्याशिवाय हिशोब करायचाच नाही. आणि मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये हजार पटीचा फरक आहे, शंका आली की दुसऱ्याकडून तपासून घे, त्यात कसलीही लाज नाही, मी अजूनही घेतो.

उत्तर ३
अॅनाटॉमी स्वतःच्या अंगावर शोध. कोपराच्या आतल्या बाजूला ब्रेकियल धमनी बोटाला लागली की बीपी घेताना स्टेथो कुठे ठेवायचा हे परत पाठ करावं लागत नाही. आणि झोप मोडून वाचू नको गं, खरंच.

प्रश्नकर्ती
खूप खूप आभार सगळ्यांचे! आज वॉर्डात सीओपीडीचे (फुप्फुसांचा जुनाट आजार) आजोबा होते, धाप लागलेली तरी सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८८ ते ९२ टक्क्यांमध्येच ठेवा असं लिहिलेलं, मला वाटलं ९८ का नको. आज रात्री फक्त तेवढंच वाचते.