दक्षिण फ्रान्समधील जुनी डोंगरी गावे : ल्युबरों की सेव्हेन?

प्रश्न – गिरिभ्रमंती, पुणे

नमस्कार. सप्टेंबरअखेरीस मी, माझी पत्नी आणि माझी आई असे तिघे फ्रान्सला जात आहोत. पॅरिसनंतर आठवडाभर दक्षिणेकडील डोंगराळ ग्रामीण भागात राहावे, असा विचार आहे. सुरुवातीला ल्युबरोंमधील गोर्द, रुसियों आणि बोन्यू ही गावे ठरवली होती. परंतु सेव्हेन पर्वतराजीविषयी वाचल्यापासून मन तिकडे ओढ घेत आहे. आईचे गुडघे फार चढण सहन करू शकत नाहीत, आम्ही तिघेही शाकाहारी आहोत आणि गाडी भाड्याने घेण्याची तयारी आहे. केवळ सुंदर गावांची छायाचित्रे काढून परतण्यापेक्षा तेथील माणसे पूर्वी कशी जगली हे समजून घेण्याची इच्छा आहे. यांपैकी कोणता भाग निवडावा आणि मुक्काम कुठे करावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – मोंपेलियेकर

आपला उद्देश लक्षात घेता सेव्हेन निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ल्युबरोंला मी कमी लेखत नाही. रुसियोंच्या गेरूच्या लाल-पिवळ्या कड्यांमधून जाणारी वाट किंवा 1148 साली स्थापन झालेला सेनांकचा मठ पाहण्यासारखाच आहे. मात्र तिथला लॅव्हेंडर ऑगस्टपर्यंत कापून झालेला असतो आणि गोर्दसारख्या गावात रहिवाशांपेक्षा पाहुणेच अधिक भेटतात.

मुक्काम सें-जाँ-दु-गार येथे करावा आणि सगळा आठवडा तिथेच राहावे. रोज नवे गाव, रोज नवे हॉटेल असा कार्यक्रम केला, तर या भागातील काहीच हाती लागत नाही. गावात मेझों रूज हे संग्रहालय जुन्या रेशीम गिरणीच्या इमारतीत असून ते पहिल्याच दिवशी पाहावे, कारण त्यानंतर आजूबाजूची घरे वाचता येऊ लागतात. अनेक घरांवर एक मजला नंतर चढवलेला दिसतो. तो माणसांसाठी नव्हता, रेशमाच्या किड्यांसाठी होता. खोलीत ऊब राखण्यासाठी तिच्या कोपऱ्यांत शेकोट्या असत आणि त्यांची लहान धुराडी आजही काही छपरांवर शिल्लक आहेत. 1709 च्या भीषण हिवाळ्यात चेस्टनट आणि ऑलिव्हची झाडे गोठून गेल्यावर तुतीची लागवड जोमाने वाढली, कारण तुतीचा पाला हेच रेशमाच्या किड्यांचे खाद्य. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास किड्यांवर रोग पडला आणि या खोऱ्यांचे कंबरडे मोडले. लुई पाश्चर 1865 ते 1869 या काळात जवळच्या आलेस येथे येऊन याच रोगाचा अभ्यास करत होते. अंडी घालून झालेल्या मादी पतंगाचे शरीर कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आणि रोगाचा अंश आढळल्यास तिची अंडी नष्ट करायची, ही त्यांची पद्धत होती.

उतारांवरील पायऱ्या-पायऱ्यांची शेतेही थांबून पाहावीत. त्यांच्या भिंती कोकणातल्या गडग्यासारख्या केवळ दगडांवर दगड रचून उभारलेल्या आहेत. चुना किंवा माती न वापरल्यामुळे पावसाचे पाणी भिंतीतून झिरपून जाते आणि भिंत ढासळत नाही. वाहून गेलेली माती शेतकरी टोपल्यांतून पुन्हा वर नेत असत. 2011 साली युनेस्कोने कोस (सेव्हेनला लागून असलेली चुनखडीची पठारे) आणि सेव्हेन या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती एखाद्या किल्ल्यासाठी नव्हे, तर शेती आणि पशुपालनातून घडलेल्या या भूदृश्यासाठी.

उत्तर – इतिहास_वाचक

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तथापि या प्रदेशाचा धार्मिक इतिहास जाणून घेतल्याशिवाय तेथील गावे उलगडत नाहीत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने 1685 मध्ये नांतचा आदेश, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांना उपासनेची मुभा देणारा फर्मान, रद्द करून प्रोटेस्टंट उपासनेवर बंदी घातली, तेव्हा सेव्हेनमधील बहुसंख्य कुटुंबे प्रोटेस्टंट होती. त्यांच्या प्रार्थना रानात, घळींत, रात्री होऊ लागल्या. 24 जुलै 1702 च्या रात्री ल पों-द-मोंव्हेर येथे, आपल्या घरात प्रोटेस्टंटांना डांबून ठेवणाऱ्या आबे द्यु शेला या कॅथलिक धर्मगुरूची हत्या झाली आणि कामिझारांचे, म्हणजे सेव्हेनमधील प्रोटेस्टंट बंडखोरांचे, बंड पेटले. शेतकरी, लोकर पिंजणारे आणि पावभट्टीवर काम केलेला तरुण झाँ काव्हालिए यांनी गनिमी काव्याने राजाच्या फौजेला दोन वर्षे झुंजवले. 1703 च्या शरदात फौजेने साडेचारशेहून अधिक वाड्या-वस्त्या जाळल्या, हे वाचून मन सुन्न होते.

मियाले गावाजवळील मास सुबेराँ या वाडीत बंडाचा नेता रोलाँ याच्या घरातच संग्रहालय आहे. ते आईंना घेऊन आवर्जून पाहावे. वाटेत शेतघरांशेजारी एखाद-दुसरे सायप्रसचे झाड आणि त्याखाली थडगी दिसतील. कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारल्यामुळे प्रोटेस्टंट कुटुंबे आपले मृत स्वतःच्या जमिनीत पुरत असत आणि काही घरांत ही प्रथा आजही पाळली जाते. ती खाजगी जागा असल्याने रस्त्यावरूनच पाहावे, आत शिरू नये.

उत्तर – नीमचा_रहिवासी

व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने नीमला उतरावे आणि गाडी तिथेच भाड्याने घ्यावी. सें-जाँ ते फ्लोराक हा कड्यावरून जाणारा रस्ता आईंना बसल्या जागी दोन्हीकडची खोरी दाखवील. शिवाय आंद्यूझ ते सें-जाँ हा वाफेच्या आगगाडीचा तेरा किलोमीटरचा प्रवासही त्यांना सोयीचा पडेल. मंगळवारी सें-जाँचा बाजार भरतो, तो चुकवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाऊस. भूमध्य समुद्रावरील उबदार, दमट हवा शरदात या डोंगरांना अडते आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारखा धो-धो पाऊस कोसळतो. सप्टेंबर 2002 मध्ये आंद्यूझला चोवीस तासांत सुमारे 687 मिलिमीटर पाऊस पडला होता. गार्दों नदी काही तासांत चढते. त्यामुळे मेतेओ-फ्रान्स या सरकारी हवामान संस्थेचा इशारा रोज सकाळी पाहावा आणि तो नारिंगी किंवा लाल असेल, तर नदीकाठी गाडी उभी करू नये व पाण्याखाली जाणारे छोटे पूल ओलांडू नयेत. रानडुकरांच्या शिकारीचाही तो हंगाम असल्याने रानवाटांवर भडक रंगाचे कपडे घालावेत.

जेवणाविषयी सांगायचे, तर खेड्यांतील उपाहारगृहे दुपारी बारा ते दोन या वेळेतच जेवण देतात आणि सोमवारी बरीचशी बंद असतात, म्हणून स्वयंपाकघर असलेले घर घेणे इष्ट. बाजारात गोड कांदे, भाज्या, मध आणि चेस्टनटचे पीठ उत्तम मिळते. पेलार्दों हे बकरीच्या दुधाचे चीज प्रसिद्ध आहे. मात्र पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये प्राणिज रेनेट (वासराच्या किंवा करडाच्या जठरातून काढलेले, दूध गोठवणारे द्रव्य) सर्रास वापरतात, त्यामुळे आपण काटेकोर शाकाहारी असाल, तर विक्रेत्याला आधी विचारावे.

प्रश्नकर्ता – गिरिभ्रमंती, पुणे

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. सें-जाँ-दु-गार येथे स्वयंपाकघर असलेले घर शोधत आहे. आईला थडग्यांविषयीचा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा तिने मियालेचे संग्रहालय यादीत सर्वांत वर लिहायला सांगितले. एक शंका उरली आहे: चेस्टनट वाळवण्याच्या जुन्या दगडी खोल्या अजून वापरात असलेल्या पाहायला मिळतात का?

उत्तर – मोंपेलियेकर

होय, काही ठिकाणी. खाली मंद धुमसती आग, वर फटी ठेवलेल्या लाकडी माळ्यावर चेस्टनट, अशी तीन-चार आठवडे वाळवणी चालते. परंतु वेचणी ऑक्टोबरात सुरू होत असल्याने आपल्याला या खोल्या बहुधा रिकाम्याच दिसतील. पेटलेली आग पाहायची असेल, तर प्रवास नोव्हेंबरच्या सुरुवातीस ढकलावा लागेल.