शब्दचर्चा : ‘स्लिप’ला मराठीत काय म्हणावं? लेप, काव की झिलई?

टिपणवही : पुण्यातल्या मातीकामाच्या वर्गासाठी मराठी टिपणं करते आहे. कच्च्या भांड्यावर रंगीत मातीचा पातळ थर देतात, त्या ‘स्लिप’ला शब्द हवा. एका मसुद्यात ‘झिलई’ आलंय, दुसऱ्यात ‘गिलावा’.

खापरखुणा : झिलई अजिबात नको. झिलई म्हणजे काच. भट्टीत वितळते आणि पाणी अडवते. स्लिप भाजल्यावरही मातीसारखीच राहते, त्यातून पाणी झिरपतं. गिलावा भिंतीचा. ‘लेप’ घ्या. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात निघालेल्या जोर्वे (ताम्रपाषाणयुगातल्या) भांड्यांचं वर्णनही ‘तांबडा लेप, वर काळी नक्षी’ असंच करता येतं.

चाकमाती : लेपच. कुंभार माठ भाजण्याआधी त्याला कावेचा हात देतात तोही लेप, पण काव म्हणजे तांबडाच रंग. ‘हात’ मात्र जरूर वापरा : ‘लेपाचे दोन हात द्या’ लगेच कळतं.

शब्दाबरोबर वेळही लिहा, कारण बहुतेक बिघाड तिथेच होतो. भांड्यावर नखाने चरा उठतो पण बोट रुतत नाही, तेव्हा लेप द्यायचा. पूर्ण वाळलेल्या भांड्याचं आकुंचन संपलेलं असतं, ओल्या लेपाचं बाकी असतं. मग काठावर आणि कानाच्या सांध्यावर पापुद्रे सुटतात. लेप शक्यतो भांड्याच्याच मातीचा करावा. सुकी माती भिजवून ८० ते १०० नंबरच्या जाळीतून गाळायची, दाटपणा पातळ सायीइतका. रंगद्रव्य सुक्या मातीच्या वजनावर : लोह ऑक्साइड ५ ते ८ टक्के, कोबाल्ट कार्बोनेट १ ते २. तांबड्या मातीत निळा मळकट होतो, त्याला पांढरी मातीच हवी. वाडग्याला आतून-बाहेरून एकाच वेळी लेप दिला तर भिंत पाणी पिऊन बसते. आतला थर आवळला की मगच बाहेरचा.

टिपणवही : मग ‘एंगोब’लाही लेपच म्हणू?

चाकमाती : नको, एंगोबच राहू द्या. त्यात माती कमी, गारेची पूड आणि वितळक जास्त. त्यामुळे तो कमी आकसतो आणि एकदा भाजलेल्या भांड्यावरही बसतो. साधा लेप तिथे भुकटी होऊन निघतो. दोन्हींना एकच शब्द दिलात तर चुकीची बरणी उचलली जाईल.

खापरखुणा : ‘टेरा सिगिलाटा’ म्हणजे अगदी बारीक मातीचा, घोटून चमकवायचा लेप. त्यासाठी ‘निवळलेला लेप’ सुचवतो. सुक्या मातीच्या दुप्पट पाणी, माती पाण्यात सुटी ठेवायला अर्धा टक्का सोडियम सिलिकेट, आणि साधारण एक दिवस न हलवता ठेवायचं. तळाचा गाळ सोडून वरचं माती धरलेलं पाणी नळीने काढायचं. हा मात्र पूर्ण वाळलेल्या भांड्यावर चालतो, थर अगदी पातळ असतो म्हणून. मऊ कापडाने घोटला की चमकतो. १००० अंश सेल्सियसच्या बऱ्याच पुढे भाजला तर चमक जाते.

टिपणवही : म्हणजे लेप, निवळलेला लेप, एंगोब आणि झिलई असे चार वेगळे शब्द. बरण्यांच्या चिठ्ठ्याही तशाच करते.