सीझेड 75 पिस्तूल पूर्ण आकाराचं घ्यावं की कॉम्पॅक्ट? हात लहान आहेत

सांगलीची_हार्टफर्डात

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, गेली 17 वर्षं कनेटिकटमध्ये, हार्टफर्डजवळ. कॉलेजात एनसीसीत .22 रायफल चालवली होती, ती ओढ कधी गेलीच नाही. सिटिझन झाल्यावर कोर्स केला, परमिट काढलं. रोज ऑफिसला जाताना कोल्ट या बंदूक कंपनीच्या जुन्या कारखान्याचा निळा घुमट दिसतो, बहुतेक त्यानेच भरीस घातलं!

पिस्तूल हवंय ते फक्त रेंजवर नेम धरायला. अंगावर बाळगायचं नाही, घरी कुलूपबंद पेटीत राहील. प्लास्टिक फ्रेमची दोन-तीन चालवली, पण मन बसलं नाही. धातूची फ्रेम हातात घेतली की कशी स्थिर वाटते.

आता दोन समोर आहेत. एक चेक कंपनीचं सीझेड 75 बी, पूर्ण आकाराचं: पोलादी फ्रेम, 4.6 इंची बॅरल, वजन साधारण 1 किलो. दुसरं त्याच कंपनीचं कॉम्पॅक्ट, सीझेड पी-01: ॲल्युमिनियम फ्रेम, पावणेचार इंची बॅरल, वजन सुमारे 800 ग्रॅम. दोन्ही 9 एमएम. दुकानदार म्हणतो, "तुमचे हात लहान, कॉम्पॅक्टच घ्या." मला ते पटकन पटत नाहीये. गोळ्या किती मावतात हा प्रश्न नाही, 2013च्या कायद्यामुळे आमच्याकडे मॅगझिन दहाचंच.

वऱ्हाडी_टेक्सास

ताई, दुकानदाराचं अर्धंच खरं आहे. कॉम्पॅक्ट केलं की मूठ उंचीला कमी होते, बॅरल आखूड होते. पण मुठीचा घेर आणि तळव्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे तर्जनी पुरत नसेल, तर पी-01 घेऊनही पुरणार नाही.

दुसरं, कॉम्पॅक्ट म्हणजे हलकं असं समजू नका. माझ्याकडे सिग कंपनीचं पी226 आणि पी229 दोन्ही आहेत. बॅरल 4.4 आणि 3.9 इंच, फ्रेम दोन्हींची ॲल्युमिनियमची, आणि वजनात फरक जेमतेम. पी229 मुळात .40 कॅलिबरचा जोर सोसायला बनवलं, म्हणून त्याची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेली, जाड. तुमच्या जोडीत वजनाचा फरक मोठा आहे तो मुख्यतः फ्रेमच्या धातूमुळे. झटका कमी हवा असेल तर ते 200 ग्रॅम तुमच्या बाजूचे आहेत.

सातारकर_माजी_सैनिक

ताई, फौजेत माझ्या हातात ईशापूर कारखान्याचं 9 एमएम 1ए पिस्तूल होतं, ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलावरून घेतलेलं. 13 गोळ्यांचं मॅगझिन असूनही मूठ बारीक. ते सिंगल ॲक्शन, म्हणजे हॅमर (मागची हातोडी) आधीच चढलेला, त्यामुळे ट्रिगर जवळ असतो आणि थोडक्यात सुटतो. तुमचं सीझेड डबल ॲक्शनलाही चालतं, म्हणजे ट्रिगर ओढूनच हॅमर चढतो आणि सुटतो. हॅमर खाली असेल तर ट्रिगर लांब पुढे जातो. लहान हाताची अडचण तिथेच.

पण रेंजवर स्लाइड ओढून गोळी चढवली की हॅमर आपोआप चढतो, मग पहिली गोळीही सिंगल ॲक्शननेच जाते. 75 बीला सेफ्टी आहे, हॅमर चढवून सेफ्टी लावता येते. पी-01ला सेफ्टीऐवजी डीकॉकर आहे, म्हणजे चढलेला हॅमर गोळी न सुटता खाली आणणारा खटका. तो वापरलात की पुढची गोळी लांब ट्रिगरवर.

एक करून बघा. पिस्तूल रिकामं आहे याची डोळ्यांनी आणि बोटानी खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. मनगट आणि बॅरल एका रेषेत आणून पकडा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर टेकतो का? टेकायला मूठ फिरवावी लागली तर नेम डावीकडे-उजवीकडे पळणारच.

सांगलीची_हार्टफर्डात

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी रेंजवर दोन्ही भाड्याने घेतली, प्रत्येकी 50 गोळ्या.

सातारकर दादा, तुमची परीक्षा आधी केली. हॅमर खाली असताना दोन्हींवर तर्जनीचं फक्त टोक पोहोचलं. हॅमर चढवल्यावर पेर बरोबर टेकलं. दुकानदाराचं म्हणणं तिथेच निकालात निघालं.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. सीझेडची स्लाइड फ्रेमच्या आतून धावते, त्यामुळे वर धरायला अगदी थोडी पट्टी उरते. ओल्या हाताने पी-01ची स्लाइड दोनदा निसटली. तिची स्प्रिंगही मला जास्त कडक लागली. 75 बीला पूर्ण पंजा मागून टाकून, डाव्या हाताने स्लाइड घट्ट धरून उजव्याने पिस्तूल पुढे ढकललं, तेव्हा सहज जमलं.

7 यार्डांवर दोन्हींचे छेद सारखेच. 15 यार्डांवर पी-01चे हाताच्या पंजाएवढे पसरले, 75 बीचे चहाच्या बशीत मावतील असे. 75 बीच्या पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर जास्त, वजन जास्त, दुसऱ्या गोळीला पुढची साइट जागेवर परत येताना दिसते. पी-01मध्ये ती मला शोधावी लागत होती. शेवटच्या दहा गोळ्यांत मात्र 75 बीने मनगट भरून आलं, हे खरं.

75 बीची ऑर्डर दिली. सोबत पातळ ॲल्युमिनियमच्या ग्रिप पट्ट्याही, घेर तेवढाच कमी होईल. वऱ्हाडी दादा, त्या पट्ट्या घामाने घसरतात का? उन्हाळ्यात आमची रेंज उघड्यावर असते.

वऱ्हाडी_टेक्सास

गुळगुळीत घेतल्यात तर घसरतात. खाचा पाडलेल्या मिळतात, त्या मागवा.